खाजनातली भरती कोणी थांबवू नये

मी, कुमारी विनोदिनी सगुण कोरगावकर, वय वर्षे सेहेचाळीस, पूर्वी शाळेत संगणक शिकवत असे, आता संगणकावरचा एक खेळ चालवते, राहणार डिचोली, मूळ गाव कोरगाव, तालुका पेडणे, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या बुद्धीने हे मृत्युपत्र लिहिते. माझी बुद्धी शाबूत आहे की नाही याची शंका माझ्या थोरल्या भावाला, परशुरामला, आली होती. म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बिघाड हृदयात आहे, डोक्यात नाही. येत्या सोमवारी बांबोळीच्या इस्पितळात माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत, ती नीट मिटत नाही म्हणून. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखे नाही. मी घाबरलेली नाही, पण घर आवरून ठेवल्याशिवाय मी साध्या म्हापशाच्या बाजारालासुद्धा जात नाही.

आई-वडील गेले. लग्न केले नाही, मूल नाही. गोव्याच्या कायद्याने ज्यांचा वाटा राखून ठेवावाच लागतो असे मला कोणी नाही. तेव्हा जे माझे आहे ते मी म्हणेन तिथेच जाईल.

कलम पहिले. कोरगावच्या घरातला माझा हिस्सा परशुरामला. मागच्या दारचा नीरफणस तोडायचा नाही. तोडलास तर हिस्सा देवळाला, हे इथे लिहून ठेवते, कारण तुझा हात कोयत्याकडे लवकर जातो.

कलम दुसरे. आईच्या पाटल्या आणि माझी स्कूटर वत्सलामावशीला. मावशी स्कूटर चालवत नाही हे मला ठाऊक आहे. तिने ती कोणाला द्यायची ते स्वतः ठरवावे आणि त्यासाठी सगळ्यांनी महिनाभर तिच्या मागे मागे फिरावे. आयुष्यभर ती सगळ्यांच्या मागे फिरली.

कलम तिसरे. बँकेत जे असेल ते सर्व्हरच्या भाड्यासाठी. त्याला दुसऱ्या कशासाठीही हात लावायचा नाही, माझ्या बाराव्यासाठीही नाही.

कलम चौथे. आता मुख्य गोष्ट. 'खाजन' नावाचा खेळ मी २०११ साली एकटीने लिहिला. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे खाडीकाठची शेते बांध घालून राखतात, त्यांना खाजन म्हणतात. बांधात लाकडी दार असते, ते मानस. भरतीला मानस लावायची, ओहोटीला उघडायची. चुकलात तर खारे पाणी आत आणि भात गेले. खेळात अशी अकरा दारे आहेत आणि प्रत्येकाची पाळी ठरलेली. एकाने दार उघडे टाकले तर त्याच्या एकट्याचे नाही, शेजारच्या वीस जणांचे शेत बुडते. भरती खऱ्या समुद्राच्या वेळेवर येते. बस, एवढाच खेळ. ना बंदुका, ना राक्षस. शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "विनोदिनी, हा पोरखेळ कोण खेळणार?" आज चारशे माणसे खेळतात. मोठ्या बाईंना माझा नमस्कार सांगावा.

कलम पाचवे. कोरगावच्या भरतीच्या वेळा टिपलेली माझी वही केरीच्या धाकूला द्यावी. ती वही खरे तर त्याचीच आहे. सुरुवातीला मी भरतीच्या वेळा मुरगाव बंदराच्या छापील तक्त्यावरून घेतल्या होत्या. पहिल्याच वर्षी एका खेळाडूचा निरोप आला, "बाये, ही भरती कोरगावची न्हय. ही मुरगावची. थंय मी गोदीत तीस वर्सां काडलंय, मी वळखतंय तिका." मला राग आला. खेळ मी लिहिलेला, तक्ता सरकारी, आणि हा कोण मला समुद्र शिकवणारा? सहा महिने मी त्याला उत्तर दिले नाही. तो दर आठवड्याला लिहायचा, एकच ओळ: "आज पण आदीच इली." शेवटी त्याला खोटे पाडायचे म्हणून मी कोरगावच्या बांधावर घड्याळ घेऊन जाऊन बसले. तो आधीच येऊन बसला होता. पाणी पस्तीस मिनिटे उशिरा आले. धाकूने विडी पेटवली. शरमेने माझे कान तापले.

घरी आल्या आल्या, कोणाला न सांगता, मी खेळातली वेळ बदलली. न सांगण्याचे कारण गर्व, दुसरे काही नाही. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सगळ्यांनी जुन्या वेळेने दारे उघडली आणि पाणी अजून चढतच होते. अकरापैकी दहा दारांतून खारे पाणी शिरले. त्या दिवशी ज्यांचे शेत बुडले त्या सगळ्यांची मी आज लेखी माफी मागते. तेव्हा मागितली नव्हती.

कलम सहावे. ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक आहे, ती जशी घडली तशी लिहिते. २०१५ ची चवथ. मला वाटले, घरोघरी गणपती, आरत्या, पाहुणे. कोण बसणार दार लावायला? म्हणून मी पाच दिवस भरती बंद ठेवली. खेळाडूंना माझी भेट. फलकावर गणपतीचे चित्रसुद्धा काढले हो! मला वाटले, माणसे दुवा देतील.

पहिला फोन वर्षाचा आला. वर्षा आजऱ्याकडची, डिचोलीजवळ औषधांच्या कारखान्यात पाळीवर काम करते. तोपर्यंत आम्ही एकमेकींना पाहिलेले नव्हते. ती म्हणाली, "ताई, समुद्र बंद करत्यात व्हय कुठं? आमी पाळ्या लावल्यात की! मला सुट्टी मिळाली न्हाई, गावाकडं गेले न्हाई. म्हटलं निदान तुमच्या लोकांची दारं तरी सांभाळीन. ते बी तुम्ही काढून घेतलंसा." आणि रडायला लागली. मग मला कळले. चवथीत गोव्याच्या घरांची दारे कोण लावणार याची यादी त्यांनी दोन महिने आधी केली होती. वर्षा, तिच्या कारखान्यातल्या चारजणी, हरमलचा आगुस्तीन, जहाजावर असलेले दोघे. बदल्यात नाताळात आगुस्तीनची पाळी पेडण्याची माणसे करणार होती. हे सगळे माझ्याच खेळात चालले होते आणि मला पत्ता नव्हता. मी खेळ लिहिला होता. त्यात राहायला लागली ती माणसे होती, आणि मी मालकीणबाईसारखी आत शिरून त्यांच्या घरचे सामान हलवले.

म्हणून हे कलम अत्यंत काळजीपूर्वक वाचावे. माझ्यामागे सण असो, सुतक असो, मतदान असो, मी मेले असेन, भरती थांबवायची नाही. एक दिवसही नाही.

कलम सातवे. माझा भाचा गौरेश, परशुरामचा मुलगा. गौरेश चार वर्षे माझ्याबरोबर या खेळावर काम करत होता. हुशार आहे. त्याच्याइतका स्वच्छ कोड माझ्या हातून कधी झाला नाही, हे त्याला तोंडावर सांगायचे राहिले. पण त्याने एक सोन्याची मानस तयार केली. ती विकत घेतली की दार आपोआप लागते, पाळी करायला नको. मी विचारले, हे कशाला? म्हणाला, "आत्या, लोकांना पाळी नकोच असते. लोकांना सोय हवी असते." मी म्हटले, तू कोणाला विचारलेस? म्हणाला, "आकडे बघ ना." आकड्यांत वर्षाचे रडणे कुठे दिसते रे बाबा? मी ते सोन्याचे दार उपटून टाकले, तो बंगळूरला गेला, आणि आता एका बाहेरच्या कंपनीचे पत्र त्याच्यामार्फत माझ्याकडे येते की खेळ आम्हाला द्या, आम्ही मोठा करू. माझे उत्तर नाही. मी गेल्यावरही नाही.

गौरेशला माझा संगणक आणि खेळाचा सगळा कोड मी देते. रागावून नव्हे, त्याच्याशिवाय तो सांभाळणारे कोणी नाही म्हणून. अट एकच. त्याने आधी सहा महिने फक्त खेळाडू म्हणून पाळी करावी. रोजची, चुकवायची नाही. गौरेशा, चार वर्षांत तू खेळ सुधारलास, पण एकदाही खेळला नाहीस. सहा महिन्यांनंतर कोडला हात लाव. त्या आधी लावलास तर मी वरून खाली येईन.

कलम आठवे. खेळाची मालकी खेळाडूंची. आमचे आजोबा सांगायचे, जुन्या गांवकारीच्या, म्हणजे गावची सामाईक जमीन राखणाऱ्यांच्या, बैठकीत एकाने जरी उठून 'नाका', म्हणजे नको, म्हटले तरी ठराव तिथेच थांबायचा. तसेच इथे. लहानसहान बदल बहुमताने करावेत. पण खेळ विकणे, भरती थांबवणे किंवा पाळी विकत देणे यांपैकी काही करायचे असेल तर चारशेपैकी एकाचा 'नाका' पुरे आहे. सर्व्हरच्या पासवर्डचा अर्धा भाग धाकूकडे, अर्धा वर्षाकडे, बंद पाकिटात. एकट्याने दार उघडत नाही, हे त्यांना सांगावे लागणार नाही.

कलम नववे. म्हापशाचा नारायण. याने पौर्णिमेला मुद्दाम दार उघडे ठेवून चाळीस जणांचे शेत बुडवले आणि वर मला सहा महिने नाही नाही ते लिहिले. मी त्याला कायमचा बाहेर काढला. नंतर दरवर्षी पाडव्याला त्याचे माफीचे पत्र येते. सात पत्रे झाली. त्याला परत घ्यावे. वर्षभर पाळी ओहोटीचीच द्यावी. माफ केले असे त्याने समजू नये, मी फक्त कंटाळले आहे.

कलम दहावे. खेळातले फलक मराठीत आहेत, गप्पा ज्याला ज्या भाषेत हव्यात त्या भाषेत होतात. फलक कोंकणीत हवेत असे खेळाडूंनी म्हटले तर करावेत, दोन्ही ठेवावेत, पण त्यावरून भांडू नये. मी दहा वर्षांची असताना राजभाषेवरून आमच्या घरी जेवणाच्या पानावर भांडण झाले. बाबा आणि काका वर्षभर एकमेकांशी बोलले नाहीत, आणि शेतावर एकाच बांधावरून जात राहिले. पुरे झाले तेवढे.

कलम अकरावे. एक कबुली. खेळात मीसुद्धा राहते. शेवंती नावाने. दार क्रमांक तीन, मंगळवारची पाळी, पहिल्या वर्षापासून. कोणाला ठाऊक नाही. खेळाडूंनी खेळाची मालकीण म्हणून माझ्याशी जपून बोलू नये, शिव्या द्यायच्या तर मोकळ्या द्याव्यात, म्हणून लपवले. माझ्यामागे शेवंतीचे शेत गौरेशला द्यावे आणि दार तीनची मंगळवारची पाळी त्याला लावावी.

कलम बारावे. हे कलम घरून लिहून आणलेले नाही. पेडण्याच्या नोंदणी कार्यालयात, एकदा आत जाऊन आल्यावर, बाकावर बसून, सही करण्यापूर्वी, हाताने लिहीत आहे. आज अमावास्या. मावशी म्हणाली होती, अमावास्येला असले कागद करू नकोस. पण उद्या पाडवा, सुट्टी, आणि सोमवार जवळ आला. साक्षीदार म्हणून धाकू केरीहून आणि वर्षा डिचोलीहून आली. ती दोघे आज पहिल्यांदा एकमेकांना भेटली आणि लगेच बांधावरच्या खेकड्यांवरून वाद घालायला लागली.

आम्हाला आत बोलावले तेव्हा अकरा वाजून गेले होते. साहेबांनी कागद उघडला, आणि धाकू उभा राहिला. म्हणाला, "सायबानू, पाच मिन्टां." वर्षाही उठली. दोघे खिडकीपाशी गेली, एकाच मोबाइलवर वाकली. साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी विचारले, "काय झाले?"

धाकू म्हणाला, "दार लायचा हा. तीन नंबर."

आज मंगळवार. माझी पाळी. मृत्युपत्राच्या नादात मी अमावास्येची भरती विसरले होते. बारा वर्षांत पहिल्यांदा.

मी म्हटले, "ती पाळी शेवंतीची ना?"

"शेवंतीचीच," वर्षा मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली. "ती आज इथं कागद करत बसलीया."

मी विचारले, कधीपासून ठाऊक आहे? धाकू हसला. "अकरा वर्सां झाली गो बाये. तुया भरतीचो येळ बदललंस, तेन्ना धा दारां बुडली. एकच सुकी रवली. ती कोणाची, ह्या कळाक येळ लागता?" म्हणजे सगळ्यांना ठाऊक होते. चारशेही जणांना. अकरा वर्षे ते माझ्यासमोर मला शिव्या देत होते, माझी थट्टा करत होते, आणि आजारपणात शेवंतीचे दार कधी दोन मिनिटे उशिरा लागले तर कोणी अवाक्षर काढत नव्हते. मला वाटायचे, मी त्यांना सांभाळते. मी त्या कार्यालयात, साहेबांच्या समोर, तोंडाला पदर लावून रडले. साहेबांनी पाणी मागवले.

तेव्हा कलम अकरामधली शेवटची ओळ मी रद्द करते. मंगळवारची पाळी कोणाला लावायची हे ठरवायला माझी गरज राहिलेली नाही. ती आज त्यांनी केली. गौरेशला पाळी कोणती द्यायची तेही तेच ठरवतील. माझे मागणे एवढेच की सोमवारनंतर मी परत आले, तर माझा मंगळवार माझा मला परत द्यावा.

वर लिहिलेले सर्व मी स्वतः लिहिले, साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले, धाकूने दोनदा वाचायला लावले. यात एक अक्षरही कोणी गाळू नये.

सही: विनोदिनी सगुण कोरगावकर

साक्षीदार पहिला: धाकू, राहणार केरी, तालुका पेडणे, दार क्रमांक सात. (सही)

साक्षीदार दुसरी: वर्षा, राहणार डिचोली, दार क्रमांक चार. (सही)

स्थळ: पेडणे. मंगळवार, दिनांक २१ मार्च २०२३, भरतीनंतर.