रोझ-ॲनकडच्या तीन खेपा

शनिवार, १९ ऑगस्ट १९८९

फाटला! काल कॉर्कला, शेवटच्या कडव्यात. आवाज वर चढला आणि तिथेच सुटला. छपराचं गाणं — दुसरं कुठलं असतं तरी निभावून नेलं असतं. तीन हजार लोकांसमोर कोंबड्यासारखा आरवलो. लोकांना वाटलं, मला भरून आलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आमचा ड्रमवाला पॅकी स्टेजवरून उतरताना म्हणाला, "काय रे मॅलकी, आत्ता कुठे आवाज फुटतोय वाटतं. मिसरूड कधी येणार?"

सगळे हसले. मीही हसलो. सहा आठवडे घसा खरखरतोय. वीस वर्षं ओरडतोय, रोज चाळीस सिगारेटी ओढतोय. खरखरणारच.

मंगळवार, २२ ऑगस्ट

डिंपनानं शेवटी ओढत डॉक्टरकडे नेलं. सतरा वर्षांच्या संसारात तिनं मला ओढत नेलं नसेल असं ठिकाण आता उरलेलं नाही. डॉक्टर मॅकपार्टलन आरसा घालून बघत राहिले. हा माणूस एरवी फुटबॉलशिवाय बोलत नाही. आज फुटबॉलचं नाव नाही. "डब्लिनला दाखवून घे. लवकर. तोवर गप्प राहा," एवढंच म्हणाले. त्यांनीच फोन करून तारीख घेतली — ११ सप्टेंबर, सोमवार.

शुक्रवार, २५ ऑगस्ट

डॉक्टरनं गप्प राहायला सांगितलंय, म्हणून दिवसभर घरात. गप्प बसलं की जुनं सगळं वर येतं.

बाबा छपरांवर दगडी पाट्या बसवायचे, म्हणून बँडचं नाव 'वेट स्लेट्स', ओल्या पाट्या. मी चौदाचा आणि धाकटा एंडा अकराचा असताना ते चर्चच्या छपरावरून पडले. जेवायला बोलवायला मीच गेलो होतो. खालून हाक मारली, त्यांनी वळून बघितलं, आणि ओली पाटी सरकली. छपराचं गाणं म्हणजे ती हाक. शब्द माझे, चाल एंडाची. जत्रेच्या तंबूत लग्नाची गाणी वाजवणाऱ्या चार पोरांना त्या गाण्यानं लंडनला नेलं, तिथून अमेरिकेला. मग उतरती कळा — दारू, दोन पडलेल्या रेकॉर्डी, परत आपल्या लीट्रिम जिल्ह्यात. आणि आता बँडला वीस वर्षं झाली म्हणून लोकांना पुन्हा आमची आठवण आलीय. सोळा सप्टेंबरला आपल्या गावात, बॅलिनामोरला, त्याच जत्रेच्या मैदानावर. ऑक्टोबरात बॉस्टन, न्यूयॉर्क, शिकागो. आठ वर्षांनी! पुन्हा कुणी बोलावणार नाही हे मला पक्कं माहीत आहे.

एक हाक मारली आणि बाप गेला. ती हाक विकून मी घर बांधलं. आता तीच निघत नाही.

शुक्रवार, १ सप्टेंबर

एंडा आला होता. गिटार तोच वाजवतो, बँडचा सगळा व्यवहारही तोच बघतो. म्हणाला, "डब्लिनला जाऊच. पण तोवर रोझ-ॲन गुकियनकडे जाऊन ये की. लहानपणी माझी गालफुगी तिनंच बरी केली."

घशाच्या दुखण्याला तिच्या हाताला गुण आहे हे इथे शेंबडं पोरही सांगेल. तिच्या आईच्या हाताला होता, तिच्या आजीच्याही. तीन खेपा — सोमवार, गुरुवार, सोमवार. एकही चुकवायची नाही. पैसे द्यायचे नाहीत. आभार मानायचे नाहीत, मानले तर गुण जातो. आत काय झालं ते बाहेर बोलायचं नाही. आणि जो मागेल त्याला ती नाही म्हणू शकत नाही.

डिंपना म्हणाली, "तुम्ही दोघं भाऊ अजून जत्रेच्या तंबूतच राहता." पण तिच्या स्वतःच्या आईनं नागिणीसाठी असल्याच एका माणसाकडे तीन खेपा घातल्या होत्या. ती बोलत नाही त्याबद्दल.

सोमवार, ४ सप्टेंबर

पहिली खेप. एंडा गाडीतच बसला. रोझ-ॲन आता ऐंशीची असेल. स्वयंपाकघरात टर्फचा, चुलीत जळणाऱ्या दलदलीतल्या वाळक्या मातीचा धूर, टेबलावर अर्धवट सोललेले बटाटे. तिनं हात धुतले आणि माझ्या मानेवरून दोन्ही अंगठे फिरवले. बराच वेळ. डावीकडे एका जागी थांबली. मग सेंट ब्रिजिडच्या सणाच्या आदल्या रात्री कुंपणावर टाकून ठेवतात ते कापड गळ्याभोवती बांधलं आणि काहीतरी पुटपुटली.

बाहेर आल्यावर एंडानं विचारलं, "काय म्हणाली?"

"गुरुवारी ये म्हणाली."

गुरुवार, ७ सप्टेंबर

दुसरी खेप. घसा मोकळा वाटतोय. खरंच वाटतोय! गाडीत दोन ओळी म्हटल्या. एंडा रस्ता सोडून माझ्याकडेच बघत होता.

शनिवार, ९ सप्टेंबर

घरात भांडण. तिसरी खेप आणि डब्लिनची तारीख एकाच सोमवारी — हे आधी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? डिंपना म्हणते डब्लिन. एंडा म्हणाला, सकाळी डब्लिनला जाऊ, संध्याकाळी रोझ-ॲनकडे, मी गाडी हाणतो. मी म्हटलं, तिसरी खेप दुपारच्या आत झाली पाहिजे. मग दवाखान्याला फोन एंडानंच केला. त्यांच्याकडे पुढची जागा सव्वीस सप्टेंबरला होती, पण तेव्हा अमेरिकेची तालीम. अमेरिकेहून आल्यावर, तेवीस ऑक्टोबरला घेतली.

डिंपना माझ्याशी बोलत नाही. एंडाशी तर नाहीच.

सोमवार, ११ सप्टेंबर

तिसरी. झाली. रोझ-ॲननं कापड सोडून घेतलं, चुलीत टाकलं आणि दार उघडून उभी राहिली. चहाचंही विचारलं नाही. इथे कुणी चहाशिवाय बाहेर पडत नाही.

रविवार, १७ सप्टेंबर

काल गावानं डोक्यावर घेतलं. छपराचं गाणं — पूर्ण! शेवटची हाक गेली, मैदान ओलांडून गेली. लोक रडत होते. एंडा गिटार वाजवायचाच थांबला. आणि मी, मूर्ख, माईकवर म्हणालो, "रोझ-ॲन गुकियनचे आभार."

पुढच्या रांगांत कुणीतरी बाई हळूच "देवा रे" म्हणाली. एंडाचा चेहरा पांढराफटक. आभार! जे पाच वर्षांच्या पोराला कळतं ते चाळिशीच्या घोड्याला कळलं नाही.

रविवार, २४ सप्टेंबर

आवाज पुन्हा गेला. पहिल्यापेक्षा वाईट. चर्चबाहेर रोझ-ॲन दिसली, तिनं मान फिरवली. रागावली असणार. रागावेल नाही तर काय.

सोमवार, १६ ऑक्टोबर — बॉस्टन

दुसऱ्याच गाण्याला घशातून हवा आली, आवाज नाही. सकाळी रुमालात रक्त. दौरा रद्द. एंडानं स्टेजवर जाऊन लोकांची माफी मागितली, मी नाही.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

काल डब्लिन. गाठ आहे. कर्करोग. डॉक्टर तरुण आहे, माझी गाणी त्याला पाठ आहेत, ते सांगायची त्याला लाज वाटत होती. म्हणाला, ऑगस्टअखेर, सप्टेंबरात आला असतात तर किरणोपचारांवर भागलं असतं, बहुधा. आता स्वरयंत्र काढावं लागेल. सगळं. मानेला भोक, त्यातून श्वास.

डिंपना रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "अकरा सप्टेंबरला आलो असतो तर?"

तो म्हणाला, "अशी मोजदाद आता करू नका."

रविवार, २९ ऑक्टोबर

एंडा आला. डिंपनानं दारातच अडवलं. "तूच नेलंस त्याला त्या म्हातारीकडे. दवाखान्याला फोनही तूच केलास. तुला अमेरिका हवी होती." मी आतल्या खोलीत ऐकत होतो. एंडा नुसता "हो" म्हणाला. हो!

खरंच आहे ते. त्यानंच नेलं. मी कधी गेलो असतो का आपणहून? लहानपणापासून त्याचं ऐकत आलो, लंडनला जाऊ म्हणाला, गेलो. परत जाऊ म्हणाला, आलो.

पॅकी सांगत होता, एंडानं गिटार विकायला काढलीय. काढू दे.

बुधवार, १ नोव्हेंबर

डिंपना रोझ-ॲनकडे जाऊन जाब विचारणार होती. कोटही घातला होता. मी अडवलं. हात धरून अडवलं. म्हटलं, ऐंशीची बाई आहे, जाऊ दे, काय मिळणार आहे त्यातून. ती म्हणाली, "तू एवढा मोठ्या मनाचा कधीपासून झालास?"

शुक्रवार, ३ नोव्हेंबर

डब्लिनला दवाखान्यात भरती. सोमवारी सकाळी ऑपरेशन. घसा फक्त कुजबुजतो, पण शब्द कळतात. डॉक्टर म्हणाला, ज्यांच्याशी जे बोलायचं असेल ते बोलून घ्या. पॅकीशी बोललो, आईशी फोनवर बोललो. डिंपनाशी सारखा बोलतोय, ती म्हणते आता दमशील.

एंडाही आला. लीट्रिमहून अडीच तास. डिंपना त्याला वर येऊ देत नाही. खाली गाडीत बसून आहे.

रविवार, ५ नोव्हेंबर

चार सप्टेंबरला रोझ-ॲन काय म्हणाली ते मी इथे लिहिलं नाही. अंगठा थांबला तेव्हा म्हणाली होती, "हे माझ्या हातातलं नाही, पोरा. माझ्या बहिणीला असंच होतं. आज डब्लिनला जा, आज." मी म्हटलं, तुम्ही बांधा, मी मागतोय. तिला नाही म्हणता येत नाही, म्हणून तिनं बांधलं. तिन्ही खेपांना हेच सांगत होती. दुपारच्या आतचा नियम तिचा नव्हता, माझाच. मला ऑक्टोबर हवा होता.

खिडकीतून एंडाची गाडी दिसतेय. आवाज उद्या सकाळी आठपर्यंत आहे. त्याला अजून वर बोलावलेलं नाही.