न खेळण्याची कारणे

३ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
संकल्प: या महिन्यात आठवी ब लिहिती करणार. एक्केचाळीस मुलं. लिहिती म्हणजे खरंच लिहिती, नुसत्या वह्या काळ्या करणारी नव्हेत. एकोणीस वर्षं भाषा शिकवतोय, आता नाही तर कधी?
शिवाय २८ तारखेला पालकसभा आहे. विषय, ‘मुलांना लिहितं कसं करावं’. बोलणार शाळेतलेच एक शिक्षक. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, नाव सांगितलं नाही, पण मीटिंगमध्ये तीनदा माझ्याकडे पाहिलं. हिला सांगितलं तर ही म्हणाली, तुमच्या डोक्यावर घड्याळ आहे ना तिथे?
हिला सगळ्यातच खोट दिसते.

४ सप्टेंबर
निबंध दिला. ‘वेळेचे महत्त्व’. किमान वीस ओळी. सरासरी सहा आल्या. एकाने लिहिलंय, ‘वेळ मौल्यवान आहे म्हणून मी इथेच थांबतो.’
दोष माझा नाही. प्रेरणा घरून आणायची असते.
उपाय: प्रत्येक ओळीला अर्धा गुण.

५ सप्टेंबर
उपाय यशस्वी. सगळ्यांच्या वीस ओळी. मात्र अक्षरं इतकी मोठी की ओळीत तीनच शब्द.

६ सप्टेंबर. मधली सुट्टी
स्टाफरूममध्ये हसण्याचा गडगडाट. खेळाचे सर एक रजिस्टर वाचत होते. त्यांचा नियम असा की ज्याला खेळायचं नाही त्याने मैदानाच्या पायऱ्यांवर बसून कारण लिहायचं. रजिस्टरवर नाव घातलंय, ‘न खेळण्याची कारणे’. सर प्रत्येक कारण वाचतात, हसतात आणि खाली हिरव्या बॉलपेनने लिहितात, ‘मग पूढे काय झालं?’ दुसऱ्या दिवशी पोरगं पुढचं लिहितं.
‘पूढे’! दीर्घ! शाळेत, भिंतीपलीकडे भाषेचा शिक्षक बसलेला असताना!
सहज डोकावलो. अडीच पानं. डावा बूट कसा हरवला, तो शोधायला आजोबा कसे माळ्यावर चढले आणि शिडी कशी पडली. लिहिणारा आठवी ब. वेळ मौल्यवान असणारा तोच!
मला हेवा वाटत नाही. हेवा बरोबरीच्या माणसाचा वाटतो. ज्या माणसाचं अर्धं आयुष्य शिट्टी वाजवण्यात गेलं त्याचा कसला हेवा?
जेवण गेलं नाही. ॲसिडिटी असावी.

१० सप्टेंबर, सोमवार
शनिवार-रविवार विचार केला. कल्पना मुळात वाईट नाही, फक्त अडाणी हातात पडली आहे. मी शास्त्रशुद्ध रजिस्टर सुरू केलं, ‘गृहपाठ न करण्याची कारणे’. पहिल्या पानावर नियम, एकूण चौदा. समास, शीर्षक, तारीख, परिच्छेद.

११ सप्टेंबर
एक्केचाळीसपैकी चाळीस जणांनी गृहपाठ पूर्ण करून आणला. सगळ्यांचा एकच, चुकांसकट. उरलेल्या एकाने रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘विसरलो.’ मी खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘मग पुढे काय झालं?’ ऱ्हस्व.

१२ सप्टेंबर
त्या मुलाचे वडील आले होते. हात जोडून विचारत होते, सर, नक्की काय केलंय त्याने? खरं सांगा, घरी काहीच बोलत नाही.
रजिस्टर तात्पुरतं बंद. तत्त्व चुकीचं नव्हतं.

१४ सप्टेंबर, शुक्रवार
वर्गाच्या खिडकीतून मैदान दिसतं. मी मुद्दाम बघत नाही, फळा पुसताना दिसतं. पायऱ्यांवर आज चौदा मुलं लिहीत होती. पलीकडे क्रिकेटला माणसं कमी पडली.
त्या चौदांत आमची कन्या! आठवी अ. लांब उडीत जिल्ह्यात दुसरी. घरी विचारलं तर म्हणाली, घोटा दुखतोय. म्हणाली आणि जिना तीन-तीन पायऱ्या गाळत चढून गेली.
हिला म्हटलं, ती मला काही दाखवत का नाही? भाषेचा शिक्षक घरात असताना पोरीने शिट्टीवाल्यासाठी लिहावं? ही म्हणाली, चौथीतलं पत्र आठवतंय का?
आठवतंय ना. माझ्या वाढदिवसाला तिने पत्र लिहिलं होतं. मी तपासून परत दिलं. दहापैकी सात! चौथीच्या मानाने मी हात सैलच सोडला होता. यात बिघडलं काय?

१८ सप्टेंबर, मंगळवार. ऑफ तास
रजिस्टर आणलं. चोरलं नाही. खेळाच्या खोलीतलं कपाट उघडंच असतं, हवा भरायच्या पंपाशेजारी होतं. अभ्यासासाठी आणलं. पालकसभेत बोलायचं तर पुरावा हवा.
रिकाम्या वर्गात वाचायला बसलो. हातात लाल पेन होतं, ते सवयीने. तीस पानांत दोनशे बारा चुका. विरामचिन्हांचा दुष्काळ. एकाने आजारी मांजराला ‘अजारि’ केलंय. त्या मांजराचं पुढे काय होतं ते बघण्यात माझी दहा मिनिटं गेली. (बरं झालं मांजर.)
मग एक पान. नाव नाही, नुसता हजेरी क्रमांक.
‘माझा घोटा दुखत नाही. मला लिहायचं असतं. घरी लिहिलं की बाबांना दिसतं. ते वाचत नाहीत तपासतात. मी लहान असताना त्यांना पत्र लिहिलं होतं की तुम्ही मला खुप आवडता. त्यांनी खुप ला गोल केला. मला वाटलं खुप आवडता हे चूक आहे. म्हणून मी परत कधी लिहिलं नाही.’
‘खुप’ला तिन्ही ठिकाणी गोल केला. ‘नाहीत’नंतर स्वल्पविराम घातला. खाली शेरा दिला: ‘विषयाला सोडून. ५/१०.’
पान उलटलं. मग पुन्हा मागे आलो.
‘ब’च्या पोटातली रेघ तिरकी. ती तशी काढू नकोस म्हणून मी दुसरीपासून सांगतोय.
घंटा कधी झाली कळलं नाही.

१८ सप्टेंबर. संध्याकाळ
तशी रेघ अनेक मुलं काढतात. बाबाही अनेकांचे असतात.
लाल शाई कशानेही जात नाही. खोडरबराने पान फाटायला आलं. रजिस्टर होतं तिथे ठेवून आलो.

१९ सप्टेंबर
सगळ्यांनी पाहिलं. अक्षर माझंच, विचारायचं कोणाला?
कन्येने जेवताना मीठ मागितलं, तेही आईकडे. मीठ माझ्यासमोर होतं. नंतर ही बरंच बोलली. ते इथे लिहीत नाही.

२१ सप्टेंबर, शुक्रवार
पायऱ्या रिकाम्या. दोनच नोंदी: ‘पोट दुखते.’ आणि ‘डोके दुखते.’ दोन्ही शुद्ध. बाकी सगळी मुलं मैदानावर, कन्यासुद्धा.
मी जिंकलो असं एखाद्याला वाटेल. मला सकाळपासून तसं वाटून घ्यायचा प्रयत्न करूनही जमत नाहीये.
खेळाचे सर आले. वाटलं, आता भांडणार. मी उत्तरं तयार ठेवली होती. तर खुर्ची ओढून म्हणाले, सर, माझं शुद्धलेखन कच्चं, तुम्ही तपासलंत ते बरंच झालं, पण पोरं लिहीनात हो, तुम्ही जाणकार, सांगा काय करू?
एकोणीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी चाळीस मिनिटं बोललो. प्रेरणा, परिच्छेद, समास. ते मान डोलावत ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, तुमच्या मुलीचं पान वाचून मी घरी जाऊन माझ्या मोठ्या मुलाला फोन केला, वर्षभर बोललो नव्हतो.
हा माणूस चिडत का नाही? चिडला असता तर मला किती सोपं गेलं असतं.

२४ सप्टेंबर
मोठ्या बाईंकडे स्वतः जाऊन लाल पेनाचं सांगितलं. म्हणाल्या, माहीत आहे. पालकसभेचंही विचारलं. म्हणाल्या, ते केव्हाच ठरलंय. या वेळी घड्याळाकडे बघितलं, हे मला स्पष्ट दिसलं.

२८ सप्टेंबर, शुक्रवार
पालकसभा. वक्ते, खेळाचे सर. गळ्यात शिट्टी तशीच. तीन मिनिटं बोलले. म्हणाले, मला यातलं काही कळत नाही, पोरांना खेळायचं का नाही हे मला खरंच जाणून घ्यायचं होतं, एवढंच. टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या. शिष्टाचार म्हणून सुरू केल्या होत्या, नंतर थांबवायला विसरलो.

२९ सप्टेंबर, शनिवार. दुपार
कन्या टेबलावर लिहीत बसली होती. पेन आतल्या खोलीत ठेवून समोर बसलो, दोन्ही हात टेबलावर, दिसतील असे. तिने कोपराने पान झाकलं. तासभर लिहीत होती. मी तासभर बसलो. एकदा तिला हसू आलं, कशाचं ते विचारलं नाही.
उठताना आईला म्हणाली, सोमवारी खेळाच्या सरांना दाखवणार.
राहवलं नाही. विचारलं, आणि मला?
तिने पानाची घडी घातली. मग म्हणाली, तुम्हाला पण देईन ना बाबा, छापून आल्यावर.
बरं म्हणालो.