फोटोखालचं चपलांचं कपाट

अतुल,

सोसायटीच्या नोटीसवाल्यांना फक्त आपल्याच दारातल्या चपला दिसतात. त्यांच्या स्वतःच्या दारापुढं बुटांचा बाजार भरलाय, तो दिसत नाही. तू एक शब्द बोलला नाहीस. अरुंद कपाट आणलंस, बेडरूममध्ये ठेवलंस आणि मोकळा झालास.

कपाट चांगलं आहे. फळी पुढं ओढली की चपला उभ्या राहतात, पलंगालाही अडत नाही. पण ठेवलंस ते बाबासाहेबांच्या फोटोखाली! विचारलं तर वर तोंड करून म्हणालास, "तेवढीच भिंत मोकळी हाय की. डोक्यावर घिऊ व्हय कपाट?" आज सकाळी आई वंदनेला उभ्याच राहिल्या नाहीत. "चपलांम्होरं हात जोडू व्हय गं?" म्हणाल्या आणि चहा न घेता गॅलरीत जाऊन बसल्या.

मी कपाट दारामागं सरकवून बघितलं, दारच उघडेना. खिडकीखाली नेलं, तर लोखंडी कपाटाचं दार अडलं. शेवटी होतं तिथंच ठेवलंय. तिथंच राहू दे.

फोटो काढून परत हॉलमध्ये लावलाय, दार उघडल्याबरोबर दिसेल असा. सोसायटीची मिटिंग आपल्या घरी ठरली, तेव्हा तूच तो आत नेलास. मिटिंग होऊन दिवाळी गेली, तरी बाहेर आणला नाहीस.

मी ड्युटीला निघाले. आईंना जेवायला वाढ. आणि कुणाला भिऊन फोटो आत नेलास, ते मी आल्यावर आईंच्या समोर सांग.

प्रीती