शेगडीची काच

ज्युरा
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

प्रिय तिबो,

अनेक आशीर्वाद. तुझं लियाँहून पाठवलेलं कार्ड मिळालं. आम्ही दोघं बरी आहोत. पहिलं बर्फ पडून गेलं, अक्रोड वाळले, बटाटे तळघरात गेले. माझा गुडघा तसाच आहे. त्याबद्दल विचारू नकोस.

घर गरम आहे. शेगडीची काच मात्र यंदा सारखी काळी पडत होती. आजीच्या उघड्या शेकोटीच्या कोनाड्यात तुझ्या बाबांनी ही लोखंडी शेगडी बसवली, तेव्हापासून तिची स्वच्छ काच हा त्यांचा अभिमान. आल्यागेल्याला आधी जाळ दाखवायचा, मग खुर्ची द्यायची. मी रोज सकाळी ओल्या वर्तमानपत्राला राख लावून काच घासत होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा काळी. हवा जड आहे, धूर वर चढत नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. शिकलेल्या बाईला कारण लवकर सापडतं.

मग लुसियें धुराडं साफ करायला आला. खाली उतरून त्याने बादली माझ्यापुढे ठेवली.

"बाई, हे काजळ नाही, डांबर आहे. ओलं लाकूड जाळताय? गास्तोंच्या घरात?"

"तू तुझं काम कर."

"तेच करतोय. आणखी थोडे दिवस असं चाललं असतं, तर छपरावर मी नाही, बंबवाले चढले असते."

तो गेल्यावर मी मागे लाकडाच्या ढिगांकडे गेले. शेगडीसाठी लाकडं बाबाच आणत होते. त्यांची पद्धत तुला पाठ आहे: लाकूड फोडून रचलं की समोरच्या ओंडक्यावर खडूने वर्ष लिहायचं, आणि दोन उन्हाळे गेल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. भिंतीलगतचा जुना ढीग तसाच होता. अर्धा संपला होता तो याच मार्चमध्ये फोडलेल्या बीच झाडाच्या लाकडाचा, अजून हाताला ओल लागत होती. त्यावर त्यांच्या रेखीव अक्षरात लिहिलं होतं, १९९१.

"गास्तों, हे काय लिहिलंय?" मी बाबांना विचारलं.

"वर्ष. वाचता येतं ना तुला?"

"आणि लाकूड वाळलंय?"

"चांगलं वाळलंय. उरलेलं तिबो शाळेतून आला की रचू. कार्ट्याला आज पुन्हा उशीर झालाय."

हे मी तुला फोनवर सांगितलं नाही. ते फोनवर येत नाहीत, हे मलाही तुमच्या भांडणामुळेच वाटत होतं. विजेचं यंत्र बसवा, बटण दाबलं की ऊब, असं तू म्हणालास; मग बापही बाजारातूनच आण, असं ते म्हणाले. तेव्हापासून तू आला नाहीस. तर ऐक. ते भांडण आता फक्त तुझ्याकडे उरलं आहे. त्यांना त्यातलं काही आठवत नाही.

डॉक्टरांना दाखवलं. आजाराला नाव आहे. ते इथे लिहून काही बदलत नाही.

शेगडी आता मीच पेटवते, जुन्या ढिगातल्या लाकडांवर. काच स्वच्छ आहे. यांत्रिक करवत लुसियेंकडे लपवून ठेवली आहे. धार लावायला दिलीय, असं बाबांना सांगितलं. रोज विचारतात. पुढच्या हिवाळ्यापर्यंत तुझं ते यंत्र बसेल. तू जिंकलास असं समजू नकोस.

आणि गावच्या जंगलातल्या लाकडाच्या वाट्यासाठी यंदा मी आपलं नाव दिलं नाही. ज्या घरात चूल पेटते त्या घराला वाटा. आपलं घर त्यातून कधी गळलं नव्हतं. पण झाडं आपली आपण पाडायची असतात, आणि ते आता कोण करणार? कचेरीतली कोलेत म्हणाली, "विसरलात वाटतं, बाई?" मी म्हटलं, "मी नाही विसरले."

पण कोणाला कोणती झाडं, त्या वाट्यांच्या चिठ्ठ्या शनिवारी, २२ तारखेला निघणार, हे बाबांच्या पक्कं लक्षात आहे. बूट चरबी चोळून दारात ठेवलेत. ते जाणारच. चिठ्ठ्यांच्या टोपीत हात घालायला पुढे होतील आणि सगळ्या गावासमोर कोणीतरी सांगेल, यंदा तुझी चिठ्ठी नाही. लुसियें म्हणतो, "माझी चिठ्ठी त्यालाच काढू द्या. मला कोणी काढली तरी झाडं तीच." भला माणूस आहे, फक्त बडबड फार करतो.

चिठ्ठी निघाली की ते झाडं पाहायला जंगलात जातील, आणि करवत मागतील. माझं ते ऐकत नाहीत. म्हणून तू ये. करवत तू धर. लुसियें देईल तेवढं लाकूड अंगणात आणा, फोडा, रचा. ते वाळेल तेव्हा या घरात शेगडी पेटणार नाही, हे मला माहीत आहे. तरी रचा. ढिगावर वर्ष त्यांना लिहू दे, लिहितील ते.

तू दारात दिसलास की उशीर झाला म्हणून रागावतील. ऐकून घे. आपलं वय सांगत बसू नकोस.

मी दमले आहे, तिबो. पत्र एवढ्यासाठीच होतं.

तुझी आई,
सोलांज