गजूशेठच्या पोटातलं जंगल

२ सप्टेंबर

पुन्हा शिट्टी. भिंगरी झोपली की तिच्या छातीतून बारीक शिट्टी येते — झाकण नीट न बसलेल्या कुकरसारखी. ताई म्हणाली, "तुझ्या उपमा तुझ्यापाशीच ठेव." बरोबर आहे. आई ती आहे, मी मावशी.

डॉक्टरांनी दिलेला श्वासाचा पंप चालू आहे. घरात ओल आहे का, असंही विचारलं त्यांनी. होती. पलंगामागच्या भिंतीवर बुरशीचा काळा पट्टा होता. भावोजींनी खरवडला, औषध मारलं, रंग दिला. भिंत आता चकचकीत आहे. शिट्टी जिथल्या तिथे.

ताईने ठरवलंय — महिनाअखेरपर्यंत फरक पडला नाही तर भिंगरीला तिच्या आत्याकडे ठेवायचं. तिथली हवा कोरडी. शाळाही तिथलीच. बॅग माळ्यावरून खाली आलीसुद्धा.

३ सप्टेंबर

साहेबांना विचारून डेअरीच्या लॅबमधून काही प्लेटा आणल्या. आम्ही दुधातली बुरशी शोधायला वापरतो त्याच. आत पोषक जेलीचा थर. उघडी ठेवली की हवेतून जे पडेल ते त्यावर उगवतं. एक बाथरूममध्ये ठेवली, एक भिंतीशी, एक भिंगरीच्या उशीशी.

भावोजी: "मावशीबाई, उंदीर पकडताय का?"

८ सप्टेंबर

भिंतीची प्लेट जवळजवळ कोरी. बाथरूमची बरी. उशीची — काठोकाठ.

हिरव्या मखमलीची वर्तुळं, प्रत्येकाला पांढरी किनार. सूक्ष्मदर्शकाखाली धरली. काचेसारखे देठ, टोकाला केरसुणीसारखे फुटवे, फुटव्यांवर मण्यांच्या माळा. एकेका मण्यात एक आख्खी वसाहत घडी घालून ठेवलेली. दुधात ही सापडली की आम्ही माल फेकतो; डोळे भरून कधी पाहिलीच नव्हती. डबा खायचा राहिला.

हे ताईला सांगण्यासारखं नाही.

९ सप्टेंबर

उशी नवी. गादीला कव्हर. चादरी ताई सारख्या धुते. मग येते कुठून?

१० सप्टेंबर

रविवार. दोरीवर कपड्यांच्या रांगेत गजूशेठ, दोन्ही कानांना चिमटे. भिंगरीचा कापडी हत्ती. त्याच्या पोटात नाक खुपसल्याशिवाय ती झोपत नाही.

"डॉक्टरांनी स्वच्छता पाळा म्हटल्यापासून दर रविवारी धुते त्याला. एकदाही चुकवलं नाही," ताई म्हणाली.

संध्याकाळी हात लावला. वरून खडखडीत. पोट दाबलं — आतला कापूस गार, ओला.

ताईला सांगणं उद्यावर ढकललं.

११ सप्टेंबर

सांगितलं. ताई म्हणाली, "म्हणजे मीच पाणी घालत होते."

"कापसाला," मी म्हटलं.

"तेच ते."

ती त्याला कचऱ्यात टाकायला निघाली तर भिंगरी दारात आडवी. "आजारी माणसाला फेकतात का?" भावोजींनी लगेच निकाल दिला — "ऑपरेशन. नातेवाइकांनी बाहेर थांबावं."

मी गॅलरीत बसले. तोंडाला मास्क. काचेचं दार बंद, आतून भिंगरीचं नाक काचेला चपटं. शिवण उसवली. कापूस पांढरा राहिलाच नव्हता. हिरवा, राखाडी, मध्ये काळा; तंतूंनी एकमेकांत इतका विणलेला की एकसंध बाहेर आला. कोणी पेरलं नाही, कोणी पाहिलं नाही, पोरीच्या नाकापासून बोटभर अंतरावर हे सगळं वाढत होतं. हात थोडा वेळ थांबलाच.

"मावशी, त्याच्या पोटात जंगल आहे?"

"हो."

"माझ्या पण?"

"नाही." लॅबमध्ये पुराव्याशिवाय मी इतकं ठाम बोलत नाही.

१३ सप्टेंबर

गजूशेठचं कातडं उकळलं, उन्हात वाळवलं. नवा कापूस. ताईने पोटाला चेन लावली — पुढच्या वेळी कापूस काढूनच धुवायचं.

२१ सप्टेंबर

शिट्टी आहे, पण बारीक झाल्यासारखी वाटते. वाटण्याला मी किंमत देत नाही. बॅग अजून कपाटापाशीच.

२८ सप्टेंबर

सकाळी भिंगरीच्या खोलीतून काहीच आवाज नाही. ताई आणि मी एकदमच धावलो. पोर पालथी झोपलेली, गजूशेठ अंगाखाली. पाठीला कान लावला.

"काय ऐकू येतंय?" ताईने विचारलं.

"काहीच नाही. नुसती हवा जातेय, येतेय."

तीही वाकली, दुसऱ्या बाजूने कान लावला. किती वेळ तशीच होती. मग उठली आणि बॅग माळ्यावर टाकली.