भावाची झडती

अण्णा, माझं काम तुम्हाला कधी पटलंच नाही. इंटरनेटवरच्या नावांची नोंदणी करणाऱ्या कंपनीत मी लागले, तेव्हा तुम्ही घास तसाच हातात धरून विचारलं होतं, "नावं इकत्यात? आन् लोक घेत्यात व्हय?" मी समजावलं, की दुकानाला पाटी लागते तसं वेबसाइटला नाव लागतं, त्याला डोमेन म्हणतात, आणि एका नावावर दोघं हक्क सांगायला लागले की ते कुणाचं हे आम्ही तपासतो. तुम्ही आईकडे बघून म्हणालात, "पोरीला कुनीतरी गंडवतंय." पुढच्याच आठवड्यात माझा विसरलेला डबा घेऊन तुम्ही तळवड्याला आमच्या ऑफिसवर हजर. डबा मी विसरले नव्हते, तुम्हीच तो पिशवीतून काढून ठेवला होता, हे आईनं नंतर सांगितलं. गेटवरच्या वॉचमनबरोबर तुम्ही चहा घेतलात आणि कंपनी खरी आहे का, पगार वेळेवर होतो का, कधी पोलीसबिलीस येतात का, सगळं काढून घेतलंत. तो मला हे हसत हसत सांगत होता आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

तुमचं तरी काय चुकलं म्हणा. सगळी नोकरी चिंचवडच्या कारखान्याच्या गेटवर गेली. शिफ्ट सुटली की माणसांच्या पिशव्या उघडायच्या, डबे उघडायचे, चेहऱ्याकडे बघायचं. आतून पितळेचे तुकडे गायब व्हायला लागले, तेव्हा तुम्ही सख्ख्या भावाची झडती घेतलीत, अख्ख्या शिफ्टसमोर. त्या संध्याकाळचं मला लख्ख आठवतं. आई भाकऱ्या थापतेय, मी ओट्याशी अभ्यासाला बसलेय आणि काका दारात उभे आहेत. चप्पल काढत नाहीत. "वैनी, दादाला सांगा, डबा रिकामा व्हता," एवढंच म्हणतात आणि वळतात. तुम्ही आल्यावर आई तवा न उतरवताच बोलली, "भावाचा डबा बघायचाच व्हता तर घरी बघायचा." तुम्ही म्हणालात, "त्याला सोडला आसता तर बाकीच्यांचं डबं कुठल्या तोंडानं उघडलं आसतं?" आई पुढची भाकरी थापायला लागली. काका मात्र त्यानंतर आपल्या घरी जेवले नाहीत.

आता मी नियम करणाऱ्यांत बसते. देशोदेशीच्या लोकांशी तासन् तास बोलणं होतं, नाव कुणाला द्यावं, कुणाचं काढून घ्यावं, खोटा पत्ता देणाऱ्याचं काय करावं. पण मूळ काम तुमचंच. फार गोड लिहिणारा माणूस दिसला की मला आधी त्याचाच संशय येतो. बाहेरच्यांना आपल्याकडची एक गोष्ट काही केल्या समजत नाही. इथे शेठ खंडेनवमीला मशिनची पूजा करतो, पेढे वाटतो आणि त्याच मुहूर्तावर वेबसाइटवाल्याला सांगतो, "टाक तुझ्याच नावानं, मला त्या ओटीपीच्या भानगडीत पाडू नको." वर्कशॉप याचं, नाव याचं, आणि कागदोपत्री मालक तिसराच. कुणाचं काही बिघडेपर्यंत कुणाला काही वाटत नाही. मग एक दिवस ऑर्डर देणाऱ्या चाकणच्या मोठ्या कंपनीची मेल येणं बंद होतं आणि तक्रार आमच्याकडे येते.

दिवाळीच्या आधी अशीच एक आली. तळवड्यातलाच, पत्र्याचे प्रेसपार्ट बनवणारा माणूस. वेबसाइटवाला आपलं नाव दाबून बसलाय, ऑर्डर हातातून चालली, असं त्यानं लिहिलं होतं. वेबसाइटवाला कोण ते बघितलं आणि नाव पुन्हा एकदा वाचलं. आपला धाकटा. त्यानं हा व्यवसाय सुरू केला तेव्हा पहिला पेढा त्यानं तुमच्या फोटोपुढे ठेवला होता. मी तिथल्या तिथे साहेबांना सांगितलं, हा माझा भाऊ आहे, हे प्रकरण मी बघू शकत नाही. ते दुसरीकडे गेलं. नियम एवढंच मागतो. तिथे थांबायला हवं होतं.

रविवारी मी दिघीला त्याच्या घरी गेले. वहिनीनं पोहे पुढे ठेवले, ते तसेच ठेवून मी विचारलं, "त्या माणसाचं नाव तू का देत नाहीस?"

तो हसला. "ताई, मी कधीच सोडलंय ते. नाव हलवायला लागतो तो कोड मेल केलाय त्याला. त्याची मेल जुना अकाउंटंट बघायचा, तो गेला काम सोडून. आता शेठला पासवर्ड माहीत नाही, त्याला मी काय करू?"

"आणि बाकीच्या गिऱ्हाइकांची नावं? किती जणांची तुझ्या नावावर आहेत?"

"सगळ्यांची. नावाची मुदत संपायच्या आत पैसे भरायचं कोण ध्यानात ठेवतं? एक दिवस राहिलं तर नाव दुसराच उचलतो."

"म्हणजे उद्या भांडण झालं तर सगळे तुझ्या मुठीत."

त्याचं हसू गेलं. "तू बहीण म्हणून विचारतीस का कंपनीतून आलीस?"

मी पोह्यांची बशी पुढे ओढली. वहिनी आत निघून गेली.

त्याचं खरं निघालं. माझ्या सहकाऱ्यानं सगळं तपासलं, कोड गेलेला होता, शेठचं नाव शेठला मिळालं, तक्रार मिटली. अण्णा, मला हायसं वाटायला हवं होतं. पण मला वाटलं, हा हुशार आहे, या वेळी निसटला. कुठेतरी पाणी मुरतंय, हे डोक्यातून जाईना. स्वतःच्या या मनाची मला किळस आली, तरी जाईना. काकांचा डबा रिकामा निघाला, त्या रात्री तुम्हाला झोप लागली होती का? हे विचारायला तुम्ही हवे होतात. हे लिहिलेलं तुमच्या फोटोमागे ठेवावं असं मनात होतं, पण फोटो त्याच्या घरात आहे आणि तो पुसताना त्याच्या हाती लागेल. म्हणून माझ्याकडेच राहू दे.

भाऊबीजेला तो आला. येईल असं वाटलं नव्हतं. ओवाळून झालं, तबकात त्यानं साडी ठेवली आणि खिशातून फोन काढून, उघडून माझ्यापुढे सरकवला. "सगळ्या गिऱ्हाइकांच्या मेल आहेत यात. बघ एकदाचं, आन् मोकळी हो." डोळे भरले होते त्याचे. त्या वेळी कुठल्याही बहिणीनं तो फोन परत त्याच्या हातात दिला असता.

मी बघितला. शेवटच्या मेलपर्यंत. डबा रिकामा होता. तो समोर बसून होता.