गुंडूचा ओला कान

प्रिय रक्षिता,

गुंडूला मी देणार नाही. सर्जापूर रोडच्या त्या फ्लॅटमध्ये तू एकटी, सुधींद्रचं मांजर तरी जवळ असावं असं तुला वाटतं, मला कळतं. तरी नाही. तुम्ही हॉस्पिटलात होतात तेव्हा जे. पी. नगरला माझ्याकडे आला, तो इथंच राहू दे. रविवारी सुधीच्या मासिक श्राद्धाला मी त्याला तुझ्या मांडीवरून हिसकावून घेतलं आणि तू न जेवता निघून गेलीस. मुलगा गेला तर म्हातारी आता मांजरावर हक्क सांगते, असं वाटलं असेल. वाटू दे.

खातो राक्षसासारखा आणि वाळत चाललाय. गळ्यातली ग्रंथी बिघडलीय म्हणे. गोळी घालायला गेले तर हात ओरबाडून काढला, म्हणून प्रतिमा डॉक्टरांनी कानाला लावायचं मलम दिलं. आधीचं ओल्या कापसानं पुसायचं, मग हातमोजा घालून कानाच्या आत, केस नसतात तिथं, स्वल्प चोळायचं. सकाळी उजवा, संध्याकाळी डावा. कातडीतून ते रक्तात जातं, मांजराच्या तसंच माणसाच्याही. जन्मभर मांजरांना लाटणं दाखवून हाकललं, आणि आता ह्याच्या कानाशी लागून बसते. सुधी असता तर पोट धरून हसला असता. फार आठवण येते गं त्याची.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणी गरोदर आहे का. असेल तर तिनं ह्या औषधाला शिवायचं नाही, पोटातल्या बाळाला धोका असतो. माझ्या घरात आता कोण असणार, म्हटलं मी. रविवारी फोडणीचा वास आला तशी तू बाथरूमकडे पळालीस. बाहेर येऊन पित्त झालंय म्हणालीस. सरी, बरं तर, म्हटलं. पित्त कसलं ते मला कळतं. आणि मागे वळून बघते तर गुंडू आपला ओला कान तुझ्या मनगटावर घासतोय.

मी कुणाला बोललेले नाही, तुझ्या आईलाही नाही. तुझं सगळं आयुष्य पुढं पडलंय. ठेवायचं की नाही, ते तू ठरव. मला ते हवंय, फार हवंय, एवढं लिहिल्यावाचून राहवत नाही. ठेवणार असशील तर ह्या घरात पाऊल टाकू नकोस; मीच येईन, हात धुऊन, धुतलेलं लुगडं नेसून. आणि नसशील ठेवणार, तर ये, गुंडूला घेऊन जा. मी काही विचारणार नाही. हातमोज्यांचा डबा पिशवीत घालून देईन.

तुझीच,
सुधीची आई